लढाऊ विमानांची मोजदाद आणि आकाशाची राखण

तापीकाठ, जळगाव :

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या गप्पांत एकच आकडा फिरतो आहे : मंजूर स्क्वाड्रन ४२, हाती उरल्या २९. जळगावच्या फलाटावर, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर हा आकडा इतक्या वेळा कानी आला की हवाई दल म्हणजे निव्वळ विमानांची मोजदाद, असे कोणालाही वाटावे. आकडा खोटा नाही. एका स्क्वाड्रनमध्ये सोळा ते अठरा विमाने धरली, तर दोनशेहून अधिक विमानांची तूट निघते आणि ती गंभीरच आहे. माझे म्हणणे एवढेच की, हा आकडा प्रामुख्याने आपण शत्रूच्या घरात किती जोराने शिरू शकतो ते सांगतो. आपले आकाश किती नीट राखले जाते ते कळण्यासाठी वेगळे आकडे पाहावे लागतात, आणि त्यांची चर्चा जवळजवळ होतच नाही.

राखण करायची म्हणजे आधी दिसले पाहिजे, मग ते कोणाचे आहे हे ओळखता आले पाहिजे, मग कोणी आणि कशाने मारायचे हे ठरले पाहिजे, आणि शेवटी मारा झाला पाहिजे. शस्त्र या साखळीत सर्वांत शेवटी येते. ज्वारी निसवल्यावर मचाणावर गोफण घेऊन बसणारा राखणदार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्याजवळ दगड कितीही असोत, मचाण बुटके असेल तर पाखरांचा थवा त्याला कणसांवर उतरल्यावरच दिसतो.

रडारच्या मचाणाचे गणित फार सोपे आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे, विमानाच्या उंचीचेही काढावे, दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे ते विमान जास्तीत जास्त किती किलोमीटरवरून दिसू शकेल ते अंतर. अँटेना १६ मीटर उंच आहे आणि विमान १०,००० मीटरवरून येत आहे असे धरले, तर उत्तर सुमारे ४२८ किलोमीटर येते. तेच विमान खाली उतरून १०० मीटरवरून येऊ लागले की उत्तर ५८ किलोमीटरच्या आत येते. रडार तेच, विमान तेच, फरक केवळ पृथ्वीच्या गोलाईचा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान हे अंतर चार मिनिटांच्या आत कापते, आणि ओळखणे, ठरवणे, क्षेपणास्त्र सोडणे हे सगळे त्या चार मिनिटांत बसवायचे असते.

हे गणित सपाट जमिनीचे झाले. आपल्याकडची भूमी घ्या. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यालगत, चोपडा-यावलच्या सपाटीवर रडार उभे केले आणि उत्तरेला दहा किलोमीटरवर सातपुड्याची सहाशे मीटर उठलेली धार आहे असे धरले, तर त्या धारेपलीकडे, रडारपासून पन्नास किलोमीटरवर असलेले विमान सुमारे तीन हजार मीटरच्या वर असेल तरच दिसेल. त्याखालचे सारे डोंगराच्या सावलीत. हेच रडार अस्तंभ्याच्या शिखरासारख्या सव्वातेराशे मीटर उंचीच्या जागी चढवले, तर शंभर मीटरवरून येणारे विमानही, मध्ये दुसरा डोंगर आडवा आला नाही तर, १९० किलोमीटरवरून दिसू शकेल. सीमेवरच्या डोंगरमाथ्यांवर रडार कशासाठी चढवतात याचे उत्तर यात आहे. तिथवर रस्ता, वीज आणि माणसे नेण्याचा खर्च हा पुढचा भाग.

सर्वांत उंच मचाण अर्थातच उडते मचाण. इल्युशिन-७६ विमानाच्या पाठीवर इस्रायली फाल्कन रडार बसवलेले पहिले विमान २००९ मध्ये आग्र्याला आले. अशी तीनच विमाने आपल्याजवळ आहेत, आणि त्यांच्या जोडीला ब्राझीलच्या एम्ब्रेअर विमानावर डीआरडीओने उभारलेली ‘नेत्र’ ही मोजकी विमाने. ९,००० मीटरवर असलेल्या रडारला शंभर मीटरवरचे विमान सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत क्षितिजाआड जात नाही. दोन सीमा, एवढा मोठा किनारा आणि अशी उडती रडार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! माझ्या मते २९ पेक्षा या आकड्याने झोप उडायला हवी.

जाणकारांनी भर घालावी. धुळ्या-नंदुरबारकडे हवाई दलात सेवा केलेली पुष्कळ मंडळी आहेत.

---

पांझरा, धुळे :

राम राम मंडळी. मी हवाई दलाच्या क्षेपणास्त्र युनिटमध्ये तंत्रज्ञ होतो. जे उघडपणे सर्वांना ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

तापीकाठ सरांनी साखळीचा जो क्रम मांडला आहे तो योग्य आहे, पण ‘ठरवणे’ या कडीवर त्यांनी एकच शब्द खर्च केला. आमच्या काळी मुख्य शस्त्र होते रशियन पेचोरा. सत्तरच्या दशकातली ही प्रणाली. चार क्षेपणास्त्रांचा एक लाँचर, आणि एका ट्रकवर दोन क्षेपणास्त्रे लादून आणायची. नियंत्रण केबिनमध्ये अंधार आणि कमालीचा उकाडा. पडद्यावर हिरव्या रेषा, त्यांतला एक ठिपका म्हणजे लक्ष्य. दोघे जण कोन सांभाळत, तिसरा अंतर सांभाळी, आणि प्रत्येकाच्या हाती एक चाक. ते चाक हळुवार फिरवत ठिपका रेषेवर टिकवून धरायचा. एकाचा हात जरा जड पडला तर क्षेपणास्त्राला जाणारी आज्ञाच चुकणार. या केबिनपर्यंत ‘अमुक दिशेने विमान येत आहे’ ही सूचना फोनवरून, तोंडी यायची. म्हणजे दूरच्या रडारने पाहिले, कोणी तरी नकाशावर खूण केली, कोणी तरी फोन केला, आणि मग आम्ही आमचे रडार त्या दिशेला वळवले.

आता तो फोन गेला. हवाई दलाची एकात्मिक हवाई आदेश व नियंत्रण प्रणाली, जिला सगळे आयएसीसीएस म्हणतात, ती भारत इलेक्ट्रॉनिक्सने उभारली. हवाई दलाची जमिनीवरची आणि उडती रडार, तसेच नागरी विमान वाहतुकीची रडार जे पाहतात त्याचे एकच चित्र ती तयार करते. त्याच पडद्यावर बसलेला अधिकारी हे लक्ष्य विमानाने गाठायचे, आकाश क्षेपणास्त्राने, की तोफेवर सोपवायचे, ते ठरवतो. लष्कराची ‘आकाशतीर’ ही अशीच प्रणाली तिला जोडलेली आहे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात जे काम दिसले त्याचे श्रेय एखाद्या क्षेपणास्त्राच्या नावाने वाटले गेले, पण मला विचाराल तर या जोडणीचा वाटा मोठा. १२ मे रोजीच्या निवेदनात आकाशच्या बरोबरीने पेचोरा, ओसा-एके आणि कमी उंचीवर मारा करणाऱ्या तोफांचाही उल्लेख होता. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रणालीलाही वेळेवर आणि नेमके दाखवले, तर ती आजही कामाला येते. हे वाचून छाती फुगली, हे लपवत नाही.

---

सातपुडा_पायथा, शहादा :

उत्तम धागा. अस्तंभ्याच्या यात्रेला जाणाऱ्या आम्हा लोकांना तिथून किती दूरचे दिसते हे ठाऊक आहे, त्यामुळे गणित चटकन पटले.

माझी शंका एस-४०० या जमिनीवरून विमाने पाडणाऱ्या रशियन क्षेपणास्त्र प्रणालीविषयी आहे. वर्तमानपत्रांत ‘४०० किलोमीटरची ढाल’ असे छापून येते आणि नकाशावर एक मोठे वर्तुळ काढलेले असते. खाली उतरलेले विमान ५८ किलोमीटरच्या आतच दिसणार असेल, तर त्या ४०० किलोमीटरचा अर्थ काय लावायचा? पाच रेजिमेंटसाठी ५.४३ अब्ज डॉलर मोजले, ते या वर्तुळासाठीच ना?

---

तापीकाठ, जळगाव :

नकाशावरच्या वर्तुळांनी फार घोळ घातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्षेपणास्त्राचा जो पल्ला छापला जातो तो उंचावरून सरळ रेषेत जाणाऱ्या, फारशी वळणे न घेणाऱ्या मोठ्या लक्ष्यासाठी असतो : इंधन पुरवणारे विमान, टेहळणी विमान, उडते रडार. साध्या घन इंधनाच्या अग्निबाणाची मोटार काही सेकंदच जळते. त्यानंतर क्षेपणास्त्र मिळालेल्या वेगावर पुढे जात राहते आणि प्रत्येक वळणागणिक तो वेग खर्च होतो. पल्ल्याच्या टोकाला पोहोचलेले क्षेपणास्त्र दमलेले असते. लढाऊ विमानाने त्याच क्षणी तीव्र वळण घेतले किंवा पाठ फिरवून पळ काढला, तर ते हाती लागेलच असे नाही. त्यामुळे लढाऊ विमानासाठी खरा पल्ला छापील आकड्यापेक्षा बराच कमी धरावा लागतो.

ही अडचण अभियंत्यांनी निरनिराळ्या रीतींनी सोडवली आहे, आणि मला हा भाग सर्वांत रसाळ वाटतो. आपल्या आकाशमध्ये रॅमजेट आहे. समोरून घुसणारी हवा घेऊन ते इंधन जाळते, त्यामुळे लक्ष्याजवळ पोहोचेपर्यंत त्याला रेटा मिळत राहतो. पल्ला २५ ते ३० किलोमीटरचा, वजन ७२० किलो. मूळ आकाशच्या नाकात शोधक रडार नाही. जमिनीवरचे ‘राजेंद्र’ रडार लक्ष्यावर आणि क्षेपणास्त्रावर एकाच वेळी नजर ठेवते आणि क्षेपणास्त्राला आज्ञा देत राहते. पुढच्या ‘आकाश प्राइम’मध्ये शोधक बसवला गेला, आणि जुलै २०२५ मध्ये लडाखमध्ये साडेचार हजार मीटरहून उंच जागेवरून त्याची चाचणी झाली, जिथे हवा विरळ असल्याने रॅमजेट आणि पंख दोन्हींची कसोटी लागते. इस्रायलबरोबर विकसित केलेल्या एमआर-सॅमची युक्ती वेगळी आहे. त्याची मोटार दोन हप्त्यांत जळते. पहिला हप्ता उड्डाणाला, आणि दुसरा लक्ष्याजवळ पोहोचल्यावर, ऐन झुंजीच्या वेळी जोर हवा असतो तेव्हा. पल्ला सुमारे ७० किलोमीटर. हवाई दलाला त्याचे पहिले युनिट ९ सप्टेंबर २०२१ रोजी जैसलमेरला मिळाले.

आता एस-४००. एकाच प्रणालीत ४०, १२०, २५० आणि ४०० किलोमीटर पल्ल्यांची वेगवेगळी क्षेपणास्त्रे वापरता येतात. वायूच्या दाबाने क्षेपणास्त्र आधी नळीतून सरळ वर फेकले जाते आणि हवेत मोटार पेटते, त्यामुळे लाँचर कोणत्याही एका दिशेला तोंड करून उभा करावा लागत नाही. तिच्या मोठ्या आकड्याचा मुख्य उपयोग शत्रूच्या मोठ्या विमानांना मागे ढकलण्यात आहे. सीमेपलीकडचे उडते रडार दोन-तीनशे किलोमीटर मागे सरकले, की त्याच्या भरवशावर लढणारी लढाऊ विमानेही अर्धी आंधळी होतात. हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी ९ ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूरमध्ये पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले, आणि ते मोठे विमान सुमारे ३०० किलोमीटरवरून टिपल्याचे सांगितले. पाकिस्तानने हे नाकारले आहे. पण एस-४०० कशासाठी घेतली ते ‘मोठे विमान’ या शब्दांतच आले आहे.

तेव्हा सातपुडा_पायथा, ते वर्तुळ खोटे नाही, पण ते दहा हजार मीटरवरचे वर्तुळ आहे. जमिनीलगत तेच आक्रसून एखाद्या जिल्ह्याएवढे होते. ती पोकळी भरायला आकाश आणि स्पायडर ही कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे, तोफा, आणि खांद्यावरून सोडायची इग्ला लागतात.

---

वरणगावकर, भुसावळ तालुका :

तोफांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या धाग्याचे शीर्षक वाचून सगळेच हवाई दलाच्या खात्यावर जमा होईल. एल-७०, झू-२३ आणि शिल्का या विमानविरोधी तोफा लष्कराच्या हवाई संरक्षण दलाकडे आहेत. एल-७० ही ४० मिलिमीटरची मूळ बोफोर्सची तोफ. तिला भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिवसाचा कॅमेरा, उष्णतेवरून पाहणारा कॅमेरा आणि लेसरने अंतर मोजणारे यंत्र जोडून नवे डोळे दिले. नळी जुनीच, पण नेम नवा. मे २०२५ मध्ये ड्रोन पाडण्यात तिचा मोठा उपयोग झाला.

दुसरे असे की, आमच्या भुसावळ-वरणगाव पट्ट्यातल्या आयुध निर्माण्यांविषयी समाजमाध्यमांवर वाटेल ते लिहिले जाते. भुसावळच्या निर्माणीत पिनाका अग्निबाणांचे पॉड बनतात ही अभिमानाची गोष्ट आहे, पण पिनाका हे तोफखान्याचे, जमिनीवरून जमिनीवर मारा करणारे शस्त्र आहे. त्याने विमान पाडत नाहीत. वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून जुने आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. भुसावळ यंत्र इंडियाकडे गेली आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे.

मात्र निर्माणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला तापीकाठ यांच्या साखळीत एक कडी कमी दिसते, ती साठ्याची. लाँचर किती हे सगळे विचारतात. त्या लाँचरमागे क्षेपणास्त्रे किती, आणि ती संपल्यावर नवी किती महिन्यांत येतील हे कोणी विचारत नाही. घन इंधनाला आणि प्रज्वलकाला वय असते. क्षेपणास्त्र बंद नळीत कोरड्या वातावरणात ठेवले, वेळोवेळी तपासले, तरी ठरावीक वर्षांनी त्याचे भाग बदलावे लागतात किंवा ते बाद करावे लागते. म्हणजे युद्ध नसतानाही साठा झिजत असतो. काडतुसाचेही तसेच, प्रत्येक लॉटला क्रमांक, प्रत्येक लॉटमधून नमुने काढून झाडून पाहणे, आणि एक नमुना जरी नापास झाला तरी अख्खा लॉट अडकतो. या कामात घाई चालत नाही. युद्ध सुरू झाल्यावर ‘उत्पादन दुप्पट करा’ असा आदेश देऊन ते दुप्पट होत नसते. आकाश हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये तयार होते आणि त्याच्या सुट्या भागांचे पुरवठादार देशभर आहेत, ही यातली जमेची बाजू. परदेशी प्रणालीच्या क्षेपणास्त्रांसाठी मात्र जहाजाची वाट पाहावी लागते.

---

अमळनेर_कट्टा :

वरणगावकर काकांनी साठा काढला म्हणून खर्चाचेही बोलू. स्वस्तातले ड्रोन पाडायला कोट्यवधींचे क्षेपणास्त्र वापरले तर शत्रूला लढाईची गरजच नाही, तो आपल्याला दिवाळखोरीने हरवील. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे आपल्या अधिकृत निवेदनात सांगण्यात आले. हे रोज घडू लागले तर? मला तर ही सगळी महागडी ढाल कालबाह्य होत चालल्यासारखी वाटते.

---

पांझरा, धुळे :

कालबाह्य म्हणणे घाईचे होईल, भाऊ. त्याच निवेदनात या ड्रोनचा संभाव्य हेतूही सांगितला होता : आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करणे आणि माहिती गोळा करणे. ड्रोनचा थवा पाठवायचा, आपण घाबरून मोठी रडार सुरू केली की ती कुठे आहेत ते टिपायचे, आणि मग खरा घाव त्या जागांवर घालायचा. म्हणून मोठ्या क्षेपणास्त्राने ड्रोन न पाडणे हे पैसे वाचवण्यापुरते नसते; आपली मोठी रडार उघडी न पडू देणे हाही त्यात भाग असतो. ड्रोन तोफेवर सोपवायचा, जॅमरने भरकटवायचा, आणि मोठे क्षेपणास्त्र मोठ्या लक्ष्यासाठी राखून ठेवायचे, हा निर्णय जितका वर आणि जितक्या लवकर होईल तितके बरे.

पण धोका खरा आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई तळावर अगदी लहान ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली, तेव्हाच ही घंटा वाजली होती. त्यानंतरची कामे त्याच दिशेने आहेत. नागपूरच्या सोलर समूहाने बनवलेल्या ‘भार्गवास्त्र’ या छोट्या अग्निबाणांच्या प्रणालीची चाचणी मे २०२५ मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरला झाली. आणि २३ ऑगस्ट २०२५ रोजी डीआरडीओने त्वरित मारा करणारे क्यूआर-सॅम, अगदी जवळच्या पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि लेसर शस्त्र ही तिन्ही एकाच नियंत्रणाखाली वापरून पाहिली. लेसरला दारूगोळा लागत नाही, वीज लागते. धूळ, धुके आणि पावसाळी ढग यांत त्याचा जोर कमी होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

---

मुक्ताईची_लेक, मुक्ताईनगर :

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला पडलेला प्रश्न कदाचित भाबडा वाटेल. जमिनीवरून सुटणारी क्षेपणास्त्रे ३०० किलोमीटरवर विमान पाडू शकत असतील, तर ती लढाऊ विमाने हवीतच कशाला? आणि विमाने हवीतच असतील, तर तापीकाठ सर २९ या आकड्याची चिंता थोडी हलकी तर करत नाहीत ना?

---

पांझरा, धुळे :

ताई, प्रश्न भाबडा मुळीच नाही. शांततेच्या काळात सीमेजवळ एखादे अनोळखी विमान आले तर त्यावर लगेच क्षेपणास्त्र सोडता येत नाही. ते वाट चुकलेले प्रवासी विमान असू शकते. तिथे कोणी तरी जाऊन, शेजारी उडून, डोळ्यांनी पाहावे लागते. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या रणाजवळ पाकिस्तानी नौदलाचे ॲटलांटिक विमान पाडले गेले, तेव्हा जमिनीवरच्या रडारने ते पाहिले, पण त्याच्याजवळ जाऊन ते ओळखले ते मिग-२१ च्या वैमानिकाने, आणि क्षेपणास्त्रही त्यानेच सोडले. शिवाय क्षेपणास्त्राची तुकडी हलवायची म्हणजे ट्रकांचा ताफा, रस्ता आणि तासन्‌तास. विमानांची तुकडी सकाळी अंबाल्याला तर दुपारी जोधपूरला असू शकते.

ओळखण्याच्या कडीवर मात्र एक कटू प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सीमेवर हवाई चकमक चालू असताना बडगामला आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक दगावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. त्या दिवशी क्षेपणास्त्र उत्तम चालले, रडारही चालले. ‘हे आपले की परके’ हा प्रश्न चुकीचा सुटला. शस्त्रांच्या यादीत ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

---

तापीकाठ, जळगाव :

मुक्ताईनगरच्या ताईंचा आक्षेप नोंदवून घेतला, पण माझा मुद्दा सोडत नाही. सिंगापूरमध्ये ३१ मे २०२५ रोजी संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमाने गमावल्याचे मान्य केले, आकडा दिला नाही, आणि किती पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचे, अशा अर्थाचे उत्तर दिले. काहींना ती टाळाटाळ वाटली. मला ते उत्तर नेमके वाटले. दोन्ही बाजूंची विमाने आपापल्या हद्दीत राहून शंभर-दीडशे किलोमीटरवरून एकमेकांवर क्षेपणास्त्रे सोडू लागली, की कोणाला आधी दिसले आणि कोणाचे उडते रडार कोणाच्या क्षेपणास्त्राला वाट दाखवत होते, यावर निकाल लागतो. राफेलवर ‘मिटिऑर’ हे विमानातून विमानावर सोडायचे क्षेपणास्त्र आहे, सुखोईवर त्याच प्रकारचे आपले ‘अस्त्र’ आहे, आणि दोन्ही चांगली आहेत; पण वैमानिकाच्या पडद्यावर चित्रच उशिरा आले तर त्यांचा पल्ला कागदावर राहतो. आणखी शंभर विमाने घेतली आणि उडती रडार तीनाची चारही केली नाहीत, तर आपण गोफणी वाढवल्या आणि मचाण होते तसेच ठेवले, एवढेच होईल.

---

साक्रीकर :

ओझरचा उल्लेख कोणीच केला नाही याचे नवल वाटले. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे जाताना, नाशिकच्या अलीकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जो कारखाना लागतो तो मिग-२१ साठीच १९६४ मध्ये उभा राहिला. पुढे तिथे सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागले. हवाई दलाच्या २७२ सुखोईंपैकी २२२ तिथली. अडीच टनांचे ब्राह्मोस पोटाखाली वाहण्यासाठी सुखोईचा सांगाडा मजबूत करण्याचे कामही तिथेच झाले. असे विमान क्षेपणास्त्रासह पहिल्यांदा उडाले ते जून २०१६ मध्ये ओझरहूनच, आणि प्रत्यक्ष मारा २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर झाला. हवाई दलाचा ११ क्रमांकाचा मोठा दुरुस्ती तळही तिथेच आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या विमानांइतकीच त्या तळावर नव्याने सज्ज होऊन परत जाणारी विमाने महत्त्वाची असतात, कारण दुरुस्तीच्या रांगेत उभे असलेले विमान स्क्वाड्रनच्या यादीत असते पण आकाशात नसते. २९ या आकड्यातली किती विमाने आज सकाळी उडू शकतात, हा खरा प्रश्न विचारायला हवा.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने संरक्षणमंत्र्यांसमोर उड्डाण केले. जाणकारांना विचारायचे आहे की आकाशाच्या राखणीत या विमानाचे स्थान कोणते? मिग-२१ च्या जागी मिग-२१ एवढेच काम करणारे विमान मिळणार असेल तर काय साधले?

---

पांझरा, धुळे :

साक्रीकर, काम साधारण तेच, म्हणजे तळावर सज्ज उभे राहायचे आणि इशारा मिळताच काही मिनिटांत उड्डाण करायचे. पण साधने फार निराळी आहेत. मार्क-१ए मध्ये एईएसए प्रकारचे रडार आहे, ज्यात अँटेना यांत्रिकपणे हलवावी न लागता किरणाची दिशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलते आणि एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवता येते. शंभर किलोमीटरच्या घरातला पल्ला असलेले अस्त्र ते नेऊ शकते आणि हवेत इंधन घेऊ शकते, त्यामुळे सीमेवर तरंगत राहून पहारा देण्याचा त्याचा वेळ वाढतो. मिग-२१ ला हे जमत नव्हते. ते भराभर वर चढायचे, पण इंधन थोडे आणि नाकात जागाही थोडी, त्यामुळे रडार लहानच राहिले.

अडचण विमानाची नाही, वेळेची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला आणि २५ सप्टेंबर २०२५ रोजी, मिग-२१ च्या निरोपाच्या आदल्या दिवशी, आणखी ९७ विमानांचा, ६२,३७० कोटींचा. पहिल्या करारातली विमाने मार्च २०२४ पासून येणे अपेक्षित होते. पण अमेरिकन एफ-४०४ इंजिनांच्या मालिकेतले पहिलेच इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. ओझरची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे, बंगळूरच्या दोन मार्गिका धरून चोवीस. पूर्ण वेगाने काम चालले तर वर्षाला साधारण दीड स्क्वाड्रन भरते. त्याच काळात जग्वार आणि मिराज म्हातारे होत आहेत, आणि एस-४०० च्या करारातल्या पाचपैकी तीन रेजिमेंट आल्यावर उरलेल्या दोन युक्रेन युद्धामुळे लांबल्या. जग्वार विमाने आज जगात फक्त आपणच उडवतो, त्यामुळे त्यांचे सुटे भाग इतर देशांच्या मोडीत निघालेल्या विमानांतून गोळा करावे लागतात.